नानांनी कापलेली पिलं

बालीला जायची हौस मूळची हिची, बरं का. ती हौस राहूनच ही वारली, आणि दोन वर्षांनी मी तिच्या थोरल्या भावाला, असोद्याच्या नानांना, बरोबर घेऊन गेलो. नानांचा जन्म केळीच्या बागेत गेलेला. आम्ही एका घरगुती लॉजवर उतरलो होतो. मी धबधबा बघून परत येतो, तर नानांनी मालकाचा कोयता घेऊन अंगणातल्या केळींच्या बुंध्याशी फुटलेली अकरा पिलं कापून ओळीनं मांडलेली!

"नाना, हे काय केलं?"

"काबरं? पिलं ठेवली तं घड बारीक पडीन ना! यायले कोनी शिकवलंच नाही."

तेवढ्यात मालकाची म्हातारी आई आली आणि तिनं त्यांच्या भाषेत जो तोंडाचा पट्टा सोडला! अजून तीन दिवस तिथंच काढायचे होते. मला वाटलं, आता बॅगा रस्त्यावर.

नाना म्हणाले, "पाव्हणे, तिले सांगा, मजुरी नको."

मालकानं मला इंग्रजीत समजावलं, "ही कोवळी खोडं आई सणाच्या सूपसाठी राखत होती. ती म्हणते, ज्यानं कापली त्यानंच आता खाऊन संपवायची."

घरच्या शेवेशिवाय कशालाही हात न लावणारे नाना पहिला वाडगा डोळे मिटून प्यायले. मग तीन दिवस दोन्ही वेळा तेच.

निघायच्या सकाळी पातेलं एकदाचं रिकामं झालं. नानांनी मला बाजूला घेतलं.

"पाव्हणे, तिले विचारा, शेजारच्यायची पिलं कोन कापतं?"