हिरवा टॅग

मस्कतहून दुक्मच्या बांधकाम साइटवर परतणारी बस पेट्रोल पंपावर थांबली. माझ्या मागच्या सीटवरचे दोघं उतरले नाहीत.

"चहा घ्या यूनुसभाई. दफन झाल्यापासून पाणीसुद्धा प्यायला नाहीत."

"नको सदानंदसाहेब. बहीण फोनवर विचारते, अल्लानं माझाच अम्मार का उचलला? काय सांगू तिला? तुम्ही तर देवच मानत नाही."

"आम्ही बौद्ध. पण कॉलेजात जर्मन तत्त्वज्ञान शिकलोय. तिथले तत्त्वज्ञ म्हणतात, देव सिद्ध करता येत नाही, तरी मानावा लागतो. नाहीतर चांगल्या माणसाला न्याय कुठेच नाही."

"कुठे बसलाय मग हा देव?"

"वर कुठे नाही. आपलं कर्तव्य काय ते आतून जो सांगतो, तोच देव, असं त्यांच्यातला एकजण म्हणायचा."

"तुमच्या आतसुद्धा?"

"सगळ्यांच्याच."

"साहेब, स्कॅफोल्डिंगवर हिरवा टॅग तुम्ही लावलात. चढायला हरकत नाही म्हणून. तो बघूनच माझा भाचा वर चढला, आणि खाली पडला."

"हो."

"टॅग लावण्याआधी तुम्ही स्वतः वर चढून बघितलंत ना?"

"रोज चढतो, यूनुसभाई. त्या दिवशी ऊन फार होतं. खालूनच बघितलं."

"आणि तुमचा तो आतला? तो गप्प होता?"

"नाही. वर चढ, वर चढ म्हणत होता."

"मग आता बहिणीला मी अल्लाचं नाव कसं सांगू, साहेब?"