घरपोच नेमणूक

...नाही हो, त्या चोरट्याले आंधी शिव्या देऊ नका, माह्यापासून सुरू करा! त्याचं थोबाड कोनं पाह्यलं? माहं तं सारं गाव पाहून राह्यलं रोज. तुमाले सांगतो, पस्तीस वर्षं पोस्टमनकी केली या देवमननं, आमच्या वाशिमकडं मालेगाव ते शिरपूर सायकल मारली, अन् नोकरीची ऑर्डर आली का दुरूनच घंटी वाजवत जायचो. बाया म्हनत, देवमनभाऊची घंटी वाजून राह्यली, कोन्या तरी लेकराचं भलं झालं. तेच नडलं ना!

झालं काय, माही पुतनी निता. बीए झाली, मालेगावात औषधाच्या दुकानात कामाले, मालक चांगला, पगार बेताचा. तिच्या मोबाइलवर निरोप आला... विमानतळावर नोकरी, परीक्षा नाही, मुलाखत नाही, निवड झाली, ऑर्डर सोबत जोडली हाय. पोट्टी हुशार. म्हने, "मोठे बाबा, म्या अर्जच केला नाही, तं निवड कशी झाली?" आता याच्यावर शहान्या मानसानं काय म्हनावं? मी म्हटलं, बाई, शिक्का पाह्य, गोल हाय! जिंदगीभर शिक्के मारले ना, गोल शिक्का दिसला का माहं डोकं बंद. तिनं ईमेलचा पत्ता दाखवला, म्हने सरकारी ऑफिसचा असा नसते, हा तं कोनीबी फुकटात काढते. मी म्हटलं, साहेब लोकाइले बी फुकटचं आवडते.

तरी तिले मोबाइलातली ऑर्डर खरी वाटेना. मंग मी काय करावं? झेरॉक्स सेंटरवर जाऊन रंगीत प्रिंट काढली, जाड पाकिटात टाकली, पेटीतला खाकी शर्ट काढला. बटनं लागेनात. आमची घरवाली दुर्गाबाई म्हने, रिटायर झाल्यावर हे सोंग काहून? मी कायले ऐकतो! सायकल काढली अन् घंटी वाजवत थेट निताच्या दारात. सारी गल्ली बाहेर आली. लोकाइनं त्या मोबाइलवर भरोसा ठेवला नसता हो, माह्यावर ठेवला. ऑर्डर बनवली त्या चोरट्यानं... पन नेऊन कोनं देली? म्या देली.

थांबा, इथंच भागलं नाही. गल्लीतली वैजयंती आली, मंजुषा आली, काका निरोप आला तो नंबर आमाले बी द्या. देला! दुपारपर्यंत दोघींच्याबी ऑर्डरी आल्या, दोन्ही म्याच पोचवल्या, मंजुषाच्या घरी तं पेढा बी खाल्ला. अजून गोड लागते तो पेढा, मेला, गिळला जात नाही. नेऊन कोनं देली? म्या देली.

मंग त्याच नंबरवरून एका मॅडमचा फोन. आवाज असा का साखर टाकेल: "सर, पाँच बजे तक फीस भेजिए, नहीं तो सीट दूसरे को चली जाएगी." गनवेशाची फी, ट्रेनिंगची फी... अहो, नोकरी देनारा कधी पैसे मांगते का? हे आता कळते, तवा तं म्याच तिघींले भराले लावली! मंग तिनं तो मोबाइलवर येनारा सहा आकड्याचा नंबर मांगला. निता म्हने, तो कोनाले सांगाचा नसते. मी म्हटलं, अवं, ऑफिसच इचारून राह्यलं, परकं हाय का ते? घंट्याभरात निताचं बँकेचं खातं साफ. दुकान तिनं माह्या भरोशावर आंधीच सोडलं होतं. मालकाकडं मीच हात जोडाले गेलो, तं तिथं दुसरी पोरगी गोळ्या मोजून राह्यली होती.

मंग वाशिमले ठान्यात गेलो, तिघी पोट्ट्या अन् मी. साहेबानं इचारलं, ऑर्डर खरी हाय असं तुमाले सांगतलं कोनं? तं निता माह्याकडं न पाह्यता म्हने, "कोनीच नाही साहेब, आमीच ठरवलं."

सांगतो तुमाले, तिनं चारचौघात शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. लय लाज वाटली मले. उभा राह्यलो, म्हटलं, "साहेब, पोट्टी खोटं सांगून राह्यली. या तिघींच्या दारात म्याच नेऊन देली."

साहेबानं पेन थांबवला. म्हने, "बाबा, मंग तुमाले लिवू कुठं? तक्रारदार, साक्षीदार, का आरोपी?"

मी म्हटलं, तिन्ही जागी देवमनच लिवा साहेब... अन् पत्ता नाही लिवला तरी चालते, आता सारा तालुका वळखते मले.