खुर्चीवरचा फोटो

सोनपेठच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या. म्हातारीच्या मांडीवर हार घातलेला फोटो होता.

"मावशी, कवा वारले मालक?"

"वारले न्हाईत, बाई. गावाकडं स्मशानात खड्डा खोदायलेत."

"अन् मग फोटोला हार?"

"आज सत्कार व्हता त्यांचा, इथं सोनपेठला. आमच्या समाजात माणसाला पुरतेत. चाळीस वर्षं झाली, कुणाचीबी माती असो, खड्डा हेच खोदतेत. फुकट. म्हणून जीवनगौरव दिला."

"मग सोता का न्हाई आले?"

"सकाळीच निरोप आला, गावात एक बाई वारली म्हणून. हे कुदळ घेऊन निघाले. इकडं मंडप भरलेला. अध्यक्ष म्हणाले, खुर्चीवर फोटो ठिवा. शालबी फोटोलाच पांघरली."

"लय माणसं आलती का?"

"बसायला जागा न्हवती. आमच्या गावची समदी तरणी पोरं फेटे बांधून आलती, दोन जीपा भरून. एकजण भाषणात म्हणला, ह्यांची कुदळ आता आमी उचलणार. लय टाळ्या पडल्या."

"चांगलं झालं की. वय काय मालकाचं?"

"बहात्तर. गुडघे धरलेत, खड्ड्यातून वर यायला हात द्यावा लागतो."

"अगं बाई! मग आजच्या दिवस खोदायला दुसरं कुणीच न्हवतं का गावात?"

"कोण असणार? समदी सत्काराला आलती."