लेफ्ट बॅक कोंडाजी, रोज हजर

...नाही, पण मला सांगा, जिवंत माणसानं मेलेल्या माणसाशी स्पर्धा करायची तरी कशी? आं? अकरा वर्षं मी आमच्या नाशिकच्या फुटबॉल संघात राखीव बाकावर काढली! कारण लेफ्ट बॅक कोण? कोंडाजी. माझा जिगरी. गेल्या वर्षी अपघातात गेला बिचारा... तेव्हापासून सामने नाहीत, नुसता सराव. पण धनराज सरांनी, म्हणजे आमच्या कोचनी, हजेरीतून त्याचं नाव काढलं नाही. पहिल्या सकाळी सवयीनं हाक गेली, "कोंडाजी!" आणि सरांचा आवाजच फुटला हो... कुणी बोलेना, म्हणून मी ओरडलो, "हजर!" झालं, तेव्हापासून रोज मीच ओरडतोय!

यंदा पुण्याहून सरांचा पुतण्या आला, अश्विन, लॅपटॉप घेऊन. "काका, आता वशिला बंद. हजेरी, फाउल, भांडणं, सगळं मॉडेलमध्ये टाकायचं, भारी अकरा तेच काढणार. आकडे खोटं बोलत नाहीत!" सरांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, यादी येईल तोच संघ. मी खूश! डावी बाजू आता माझीच की! उज्वलानं, बायकोनं, नवे बूट आणले, "या वेळी तरी चिखल लावून या हो घरी!" बटण दाबलं... लेफ्ट बॅक, कोंडाजी.

अंगावर काटा! वर्षभर एक खाडा नाही, फाउल नाही, पंचाशी भांडण नाही... मेल्यावर कसलं भांडण? अश्विनला काय माहीत, तो आपला, "काय प्लेयर आहे! आकडे खोटं बोलत नाहीत!" आणि सर हट्टी, "शब्द म्हणजे शब्द. सराव सामन्याला दहाच उतरवा. डावी बाजू त्याची." समोर मनमाडची पोरं, अख्खी बाजू मोकळी, आणि एक जण तिकडून येईल तर शपथ! हाफटाइमला विचारलं, का रे? "भाऊ, तिथं कुणीतरी उभं हाय असं वाटतं..." एक-शून्यनं जिंकलो. कोंडाजीचे गुण वाढले!

शेवटी अश्विनला सांगितलं सगळं. पांढराच पडला. मला म्हणाला, "मॉडेल नावं हजेरीवरून उचलतं. उद्या 'हजर' म्हणू नका, रविवारी चषकाच्या सामन्यात तुम्ही आत!" एवढंच! गप्प राहायचं! गुडघे संपत आलेत माझे, पुढच्या वर्षी कुठला सामना?

सकाळी ओठ आवळून उभा राहिलो. "कोंडाजी!" ...शांत. सर मान वर करेनात, पेन तसंच धरलेलं. "कोंडाजी!" ...तुम्हाला सांगतो, डाव्या खांद्याशी कुणीतरी उभं होतं. वाट बघत. माझीच.

आणि कोण ओरडलं, "हजर!"? सांगा ना, कोण?

या रविवारी बघायला. कोरे बूट घालून बाकावर बसलेला दिसेल, तो मी. आकडे काही खोटं बोलत नाहीत हो... खोटं मीच बोलतो, रोज सकाळी सहाला.