भलत्याच मांडवात मामा

मंडळी, आज एकच विचारतो — वाट चुकणं हे पाप आहे का? नाही! वाट कुणाची चुकत नाही? मग पाप घडतं कुठं? ऐका!

भास्करराव काटकर. गाडी नवीकोरी — सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही! भाची प्रणिताचं लग्न खडकवाडीला. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा, म्हणून मामा स्वतः गाडी चालवताहेत. वऱ्हाड पुढं गेलं, मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेली पोर एकटी.

फाटा आला. मामा डावीकडे वळले!

"मामा, विचारा ना कुणाला. आपण साखरपुड्याला आलो तेव्हा वाटेत हा कालवा लागला नव्हता."

"गप बस! हा मुलूख मला तळहातासारखा पाठ आहे."

पाठ! आणि बायको बाजाराला पाठवते तेव्हा कोथिंबीर आठवत नाही! हसताय काय? तुमचंच सांगतोय.

पुढं मांडव दिसला. ताशा कडाडला — "नवरी आली! नवरी आली!" बायका धावल्या, भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकावर पाणी ओतलं. मामा ऐटीत उतरले. भाचीचा हात धरला, तिला थेट पाटावर उभी केली. समोर अंतरपाट. पोरीची मान खाली. भटजींनी सूर लावला...

तेवढ्यात बाहेर हॉर्न! दुसरी गाडी थांबली. आणि तिच्यातून — मंडळी, माझ्या अंगावर आत्ताही काटा येतो — दुसरी नवरी उतरली!

ताशा बंद! भटजींच्या हातून अंतरपाट सुटला. प्रणितानं वर पाहिलं. समोर परका पुरुष, हातात हार घेऊन!

"मामा! हे ते नव्हेत!"

काय किंकाळी होती ती! आणखी चार अक्षता पडल्या असत्या तर? पोरीचं काय झालं असतं?

मामांना दरदरून घाम. पोरीला गाडीत कोंबलं, रिव्हर्स टाकला — आणि धडाम! आचाऱ्याचं भाताचं पातेलं आडवं! अख्खा मांडव भातात! लोक काठ्या घेऊन धावले.

मग मात्र मामा उतरले. नव्या गाडीचा माणूस भातात उभा राहून हात जोडतोय! "चुकलो हो. खडकवाडीची वाट सांगा."

त्या दुसऱ्या नवरीबरोबर गाडीतून आलेला तिचा बाप पुढं आला. काठी टाकली, पुढच्या सीटवर बसला. म्हणाला, "चला, दाखवतो. माझीही लेकच आज मांडवात उभी आहे."

खडकवाडीला लोक मुठीत अक्षता धरून ताटकळले होते. लग्न लागलं! पण पाटावर चढताना प्रणितानं मामाचा हात धरला नाही. आधी अंतरपाट बाजूला सारला, नवऱ्याचं तोंड पाहिलं, मग उभी राहिली. मामा बाजूला उभे राहून रडले.

तर बाबांनो, चुकणं पाप नाही. मागं बसलेलं माणूस घाबरून सांगतंय आणि आपण त्याला गप बसवतो — ते पाप! कुणाच्या मागं बायको आहे, कुणाच्या मागं म्हातारी आई. घरी जा, आणि आज तरी विचारा त्यांना, "मी बरोबर चाललोय ना?" विचारा — आणि उत्तर येईपर्यंत गाडी थांबवा! आता हात वर करा, म्हणा विठ्ठल!