एकशे चार टाक्यांची टोपी

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या मास्तरांचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे सासू-सून बसल्या होत्या, आणि सुनेच्या कुशीत सहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं.

“डोकं जरा मोठं भरलं की लगेच आजार असतो का गं?”

“तसं नाही म्हणाले डॉक्टर, आई. घरात कुणाचं मोठं असलं तर पोरात उतरतं म्हणाले. आईबापाची डोकी मोजू, मग ठरवू. माझं मोजलं, ते बेताचंच निघालं.”

“आणि त्याचं?”

“ते असते तर मोजलं असतं.”

“हं. ही घे.”

“टोपी? कुणाची?”

“त्याचीच, एवढा असतानाची. बाकीच्या पोरांना अठ्ठ्याऐंशी टाके पुरायचे, त्याला एकशे चार घातले. दोनदा उसवली मेली. सदरा तर गळ्यातून कधी धड गेलाच नाही.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“विसरलेच होते. काल तू रडलीस तेव्हा पेटी उपसली. घालून बघ.”

“उठेल तो.”

“हळूच घाल.”

“आई, अगदी बरोबर बसली.”

“मग आता डोळे कशाला पुसतेस? याच डोक्याचा तुला पसंत पडला होता ना?”

मदतनीस बाईंनी दार उघडलं.

“तुमचा नंबर. बाळाचे वडील आलेत का? डॉक्टर विचारतायत.”

सुनेने टोपीची नाडी बाळाच्या हनुवटीखाली बांधली आणि ती उठली.

“आलेत.”