पहिल्या कॅचरचे लाडू

सत्याऐंशीचा उन्हाळा. अमेरिकेतल्या आयसेलिन गावच्या देशी किराणा दुकानात, बिलाच्या रांगेत, दोघी माझ्यापुढे उभ्या होत्या.

“सरलाकाकू, एवढा डिंक? घरात कोणी बाळंतीण आहे का?”

“नाही गं रुपाली. रवीच्या बेसबॉल टीमच्या कॅचरसाठी लाडू करतेय.”

“कॅचर तर रवीच ना?”

“तो बॅकअप. पहिल्याला काही झालं तरच याला खेळवतात. एरवी बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतो.”

“मग लाडू रवीला द्या की.”

“त्याला कशाला? गुडघे त्या पहिल्याचे दुखतात. दिवसभर बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून बॉल झेलायचे म्हणजे काय. डबा पाठवला की बिचारा दोन दिवसांत फस्त करतो, मला मॉम म्हणतो.”

“पण काकू, त्याचे गुडघे गेले तर रवीला चान्स मिळेल ना?”

“तू तो बॉल पाहिलायस? दगड आहे नुसता. मागच्या सीझनला रवी एकदाच खेळला, अंगठा वांग्याएवढा करून घरी आला.”

“काकांना माहीत आहे हे लाडवांचं?”

“छे. ते रोज आंघोळ करून गणपतीला सांगतात, रवीला चान्स मिळू दे. म्हणून तर या वेळी तूप जास्त घालणार आहे.”